कोमट लोखंड

१

सकाळी उठला की नागोजी आधी गंजाला शिव्या घालायचा, मग चूळ भरायचा.

देवनहळ्ळीच्या पलीकडं, जिथं द्राक्षाचे मळे मोडून प्लॉट पाडलेत, तिथं त्याचं घर. घरामागं पत्र्याची शेड आणि शेडीला लागून एक आतली खोली. त्या खोलीत पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. किड्यांना ओल लागते म्हणून भिंती जाड आणि खिडकी नावाला. किडे गेले, ओल राहिली. साधा खिळा ठेवला तरी आठ दिवसांत लाल व्हायचा.

शेडीत त्याची अँबॅसिडर उभी होती, भंगारातनं ओढून आणलेली. दिवसभर लोकांचे ट्रॅक्टर-टेम्पो दुरुस्त करायचे आणि उरल्या वेळात हिच्या मागं लागायचं, असं करत दोन वर्षं झाली. लांबलेल्या कामाचं एक असतं बघा, पुढचं होईस्तोवर मागचं सडतं. इंजिन बसलं, रंग बसला, पण ब्रेकचं सामान तयार होऊन पडलेलं. चाकांत बसणारे चार ड्रम लेथवर घासून आणलेले, आतनं आरशासारखे. ब्रेक मारला की तिथंच लायनर घासतो, म्हणून तिथं रंग लावता येत नाही. उघडं लोखंड आणि ती ओली खोली. मग रोज सकाळी चिंधी तेलात बुडवायची आणि चारी ड्रम पुसायचे. एक दिवस चुकला की पुन्हा पॉलिश पेपर घेऊन बसा.

एवढी घाई कशाची, तर तोंडाची. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला जावई संतोषकुमार काहीतरी थट्टेनं बोलला आणि नागोजीनं त्याच्या अंगावर जॅकचा दांडा फेकला. लागला नाही, पण फेकला तर होता. लेक रूपश्री उठून निघाली. हा दारातनं ओरडला, की आता माझ्या स्वतःच्या गाडीत बसवून मानानं आणीन तेव्हाच ह्या घराची पायरी चढ. तेव्हा घरात सायकलसुद्धा नव्हती. रूपश्री बापावरच गेलेली. तिनं तो शब्द धरून ठेवला.

मधे दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. दोन्ही वेळा ती तिकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फ्लॅटात एकटी रडली आणि हा इकडं पाना हातात धरून बसला. आता तिसऱ्यांदा सहावा लागला होता. बायको सकवारबाई फोनवर लेकीशी बोलायची, ती म्हणायची, सातव्यातलं सीमंत झालं की येते आई, अप्पांची गाडी आली तर. नाही आली तर बाळंतपण इथंच.

म्हणून गाडी. आणि गाडीत पोटुशी पोर बसणार, म्हणून ब्रेक.

२

खंडेनवमी आली. कन्नड लोक आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हत्यारानं आपली सेवा केली, आज आपण त्याची करायची. नागोजी देवाला फारसा जात नसे, पण हा दिवस पाळायचा. सकवारबाईनं आतल्या खोलीत सगळं मांडलं. पाने, व्हाइस, ऐरण, जॅक. गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवली. फळीवरचे ड्रम दिसले तशी म्हणाली, ही पण गाडीचीच की, आणि लिंबाच्या फोडीनं हळद-कुंकू कालवून चारी ड्रमच्या आतल्या चकचकीत अंगाला बोटानं ओढलं. नागोजी बघत होता. उद्या पुसून टाकू, असं म्हणून गप्प राहिला.

तेवढ्यात होसकोट्याहून फोन आला. चुलतभाऊ गेला.

दहा दिवसांचं सुतक. सुतकात पूजा मोडायची नाही, पूजेच्या वस्तूला शिवायचं नाही. शेडीला कडी घातली, खोलीला कुलूप लावलं आणि दोघं होसकोट्याला गेली. तिकडं दहाही दिवस पावसाची बुरबुर होती. लोक गेलेल्या माणसाच्या आठवणी काढायचे आणि नागोजीच्या डोळ्यांसमोर लिंबाचा रस, ओलं कुंकू आणि उघडं लोखंड. लिंबू लोखंडाला काय करतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं. भावासाठी रडताना तो थोडा ड्रमसाठीबी रडला. खोटं कशाला बोला.

३

बाराव्या दिवशी त्यानं कुलूप काढलं.

पाने लाल झाले होते. व्हाइसचा स्क्रू गंजून धरला होता. ऐरणीवर जिथं बोटं ओढली होती तिथं बोटांच्याच आकाराचे गंजाचे ओघळ उतरले होते. नागोजीनं तोंडातल्या तोंडात एक शिवी तयार ठेवली आणि फळीकडं वळला.

चारी ड्रम आतनं चकचकीत होते.

त्यानं बोट फिरवलं. तेलाचा पातळ हात, कालपरवाचा असावा असा. कुंकू नव्हतं. म्हणजे होतं, पण आत नव्हतं. प्रत्येक ड्रमच्या बाहेरच्या अंगाला, जिथं रंग दिलेला असतो आणि काही बिघडत नाही, तिथं हळद-कुंकवाची पाच-पाच बोटं सरळ ओढलेली. पूजा कोणी मोडली नव्हती. उचलून बाजूला ठेवली होती.

हे काम जाणकाराचं. नागोजीला पहिल्यांदा तेच वाटलं, आणि बरं वाटलं. मग त्यानं ड्रम दोन्ही हातांनी उचलला.

ड्रम कोमट होता.

उन्हात तापलेलं लोखंड वेगळं असतं. ते वरनं भाजतं. हे तसलं नव्हतं. कोणीतरी आत्ताच अंथरुणातनं उठून गेलं आणि आपण तिथं हात ठेवला, तसली ऊब होती. त्यानं दुसरा धरला, तिसरा, चौथा. चारी तसेच. शेजारच्या ऐरणीला हात लावला तर ती बर्फासारखी.

फळीखाली त्याचं लाकडी स्टूल होतं. ते कायम दाराजवळ असायचं. आज फळीला लागून होतं, तोंड भिंतीकडं करून कोणी बसावं असं.

४

त्यानं बायकोला विचारलं. सकवारबाई म्हणाली, मी दहा दिवस तुमच्या समोर पत्रावळी शिवत बसलेली, आणि सुतकात पूजेला हात लावीन, मला काय खूळ लागलंय? हे खरंच होतं. किल्ली एकच, ती त्याच्या कंबरेला.

मग नागोजी अक्कल चालवायला लागला. पत्रा तापत असेल. पण पाऊस होता. भिंतीपलीकडं कोणाची भट्टी असेल. पलीकडं मोकळा प्लॉट होता, त्यात एक म्हैस. म्हशीनं ड्रम पुसले नसतील एवढं त्याला नक्की ठाऊक होतं.

त्यानं रोज सकाळचं तेल लावणं मुद्दाम बंद केलं. खोलीला कुलूप, किल्ली कंबरेला. आठ दिवस झाले तरी ड्रम तसेच, रोज ताज्या तेलाचे, रोज कोमट. कोनाड्यातल्या एरंडेलाच्या बाटलीतलं तेल मात्र बोट-बोट खाली जात होतं.

एका दुपारी लाइट गेली. लेथवाल्यांच्या मोटारी, बोअरचे पंप, सगळं बंद पडलं आणि कधी नव्हे ती शांतता झाली. नागोजी शेडीत गाडीला टेकून नाचणीचा गोळा खात होता. तेव्हा त्याला आवाज आला.

आतल्या खोलीतनं. घस्स. घस्स. मग थोडं थांबून, घस्स.

चिंधी लोखंडावरनं फिरते तो आवाज. तीस वर्षं तो स्वतः हाच आवाज काढत आलेला, चुकणं शक्यच नव्हतं. घाई नव्हती त्यात. एक फेरा पुरा झाला की क्षणभर थांबायचा, जसा माणूस ड्रम फिरवून घेतो. मग पुढचा फेरा.

घास त्याच्या तोंडात तसाच राहिला. उठून कुलूप काढायला चार पावलं लागली असती. त्यानं चौथं पाऊल टाकलं आणि आवाज थांबला. आत चिडीचूप. आणि त्या चिडीचूप खोलीत दाराच्या पलीकडं कोणीतरी त्याच्यासारखंच कान देऊन उभं आहे, असं त्याला वाटलं.

त्यानं कुलूप काढलं नाही. परत जाऊन जेवला. भ्यालो म्हणून न्हाई, भूक हुती म्हणून, असं त्यानं नंतर बायकोला सांगितलं. बायकोनं विचारलं नव्हतं.

५

कार्तिक लागला. रूपश्रीच्या सीमंताचा दिवस ठरला. संतोषकुमारचा फोन आला. बिचारा चांगल्या मनानं बोलला, की मामा, तुमची गाडी स्वल्प जुनी, रस्ता लांब, मीच टॅक्सी करून पाठवतो. झालं. नागोजीनं फोन आपटला आणि त्याच तिरमिरीत ब्रेकचं काम हातात घेतलं.

ड्रमच्या आत व्हील सिलिंडर म्हणून मुठीएवढी नळी असते. पाय दाबला की तेलाचा दाब तिथं येतो. आत रबराची वाटी असते, ती दाब धरते. त्या वाटीला एरंडेलच लावायचं, इंजिन ऑइल नाही. इंजिन ऑइल लागलं की रबर आजारी माणसाच्या पायासारखं सुजतं. दोन दिवस काही कळत नाही. मग एखाद्या उतारावर पाय दाबावा आणि पाय आपला खाली जातच राहावा. हे नागोजीला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. तो झोपेत नव्हता, रागात होता. जावयाला शिव्या देत देत त्यानं चारी सिलिंडर भरले, बंद केले आणि फळीवर ठेवून दिले.

तिसऱ्या दिवशी कुलूप काढलं तर तीन सिलिंडर जागेवर. चौथा उघडून फळीच्या मधोमध, धुतलेल्या फडक्यावर ठेवलेला. नळी एकीकडं, स्प्रिंग एकीकडं. आणि मधे रबराची वाटी, सुजून दीडपट झालेली.

नागोजीनं ती हातात घेतली, वास घेतला. इंजिन ऑइल. रागात त्यानंच हाताला आलं ते उचललं होतं आणि लावलं होतं.

सातव्या महिन्यातली पोर मागच्या सीटवर, पुढं पुलाचा उतार, आणि ही वाटी. सगळं एका दमात डोळ्यांसमोर आलं. कोणी त्याला हाक मारून सांगितलं नव्हतं, की दुसऱ्या कोणाला सांगायला गेलं नव्हतं. नुसतं समोर मांडून ठेवलं होतं.

तिथं हात जोडायचे. पण ह्या माणसाची हाडंच उलटी. आपली चूक दुसऱ्यानं दाखवली की ह्याचा मेंदू पेटायचा. त्यानं स्टुलाला लाथ घातली. ते जाऊन भिंतीवर आदळलं.

"मला शिकवतोस?" तो रिकाम्या खोलीत ओरडला. "माझी गाडी हाय. माझी पोर हाय. तू कोण रे? निघ इथनं."

कोपऱ्यात काहीतरी अगदी हळू हललं. फडक्याचं टोक असेल. मग खोली गार पडली. गार पडली म्हणजे, आजवर ती गार नव्हती हे त्याला तेव्हा कळलं.

६

दुसऱ्या सकाळी ड्रम थंड होते. दुपारपर्यंत लाल ठिपके आले. संध्याकाळी ठिपक्यांचे डाग झाले. नागोजीनं पॉलिश पेपरनं घासून तेल लावलं. पुढच्या सकाळी पुन्हा लाल, आणि आता खाल्लेले, बारीक खड्डे पडलेले. दोन वर्षांचा गंज दारात थांबला होता आणि कोणीतरी दार सोडून दिलं होतं. रबरी वाट्या नव्या घातल्या, एरंडेल लावून. पण ड्रमचा इलाज होईना. आणखी दोन दिवस असं चाललं असतं तर ते भंगारातच टाकावे लागले असते, नवे यायला महिना. सीमंत पाच दिवसांवर होतं.

सकवारबाईला त्यानं सगळं सांगितलं, लाथेसकट. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "जन्मभर ज्यानं तुमचं बरं केलं त्यालाच तुम्ही लाथ घातली. पोरीला घातली, जावयाला घातली. आता हे काय हाय ते मला ठाऊक न्हाई. पण जावा, नीट बोला. एकदा तरी."

नागोजी खोलीत गेला. स्टूल उचलून फळीपाशी ठेवलं, फडक्यानं पुसलं. स्वतः त्याच्याकडं पाठ करून खाली फरशीवर बसला. काय बोलायचं ते येईना. शाळा चौथीपर्यंत, आणि असलं बोलणं चौथीत शिकवत नाहीत.

"मला बोलायला येत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "तू कोण हाय ते मी विचारत न्हाई. तू नसतास तर पोरगी गेली असती, माझ्याच हातानं. तुझे लई उपकार झाले. चुकलं माझं."

एवढं बोलून त्याला घाम फुटला. चुकलं माझं, हे शब्द त्याच्या तोंडातनं पन्नास वर्षांत पहिल्यांदा निघाले होते आणि ऐकायला नुसतं एक स्टूल.

तो बसून राहिला. पाठीमागं स्टुलाचं लाकूड करकरलं, वजन पडल्यावर करकरतं तसं. त्यानं मान वळवली नाही. मानेवरचा केसन्‌केस उभा होता, पण पोटात कुठंतरी, लहानपणी ताप उतरल्यावर वाटायचं तसं वाटत होतं. तो हळूच उठला, भिंतीच्या कडेनं बाहेर आला आणि दार नुसतं लोटून घेतलं. कुलूप लावलं नाही.

सकाळी चारी ड्रम चकचकीत होते. एकही खड्डा नव्हता. खड्डे तर घासून जात नाहीत.

७

चारी चाकांना ब्रेक बसवून सीमंताच्या दिवशी त्यानं गाडी काढली. हेब्बाळ, रिंगरोड, सिल्क बोर्ड, मग उंच पुलावरनं इलेक्ट्रॉनिक सिटी. ब्रेक लोण्यासारखे लागत होते. पोचल्यावर संतोषकुमार खाली आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला की मामा, भारी केली. नागोजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनाही पुढं काय करायचं ते सुचेना, म्हणून बॅगा उचलल्या.

रूपश्री हिरवी साडी, ओटी भरलेली, अशी आली. बापाकडं बघून हसली नाही, पण मागचं दार त्यानं उघडेस्तोवर थांबली. "मानानं आणणार म्हणालेलात," ती म्हणाली. मग बसली. जावई दुसऱ्या दिवशी येणार होता. शेजारी तिची पिशवी, वर जेवणाचा डबा.

परतीला पुलावर वारा लागला तशी ती झोपली. दुपारचे तीन असतील. सिल्क बोर्डाकडं उतरायला लागतो त्या उतारावर पुढचा पाण्याचा टँकर काही न कळवता जागच्या जागी थांबला.

नागोजीनं पाय पूर्ण दाबला. चारी चाकांनी रस्ता धरला. त्याची छाती स्टिअरिंगवर आदळली, डबा उडून पुढच्या काचेवर आला, पिशवी सीटखाली गेली. टँकर हातभर अंतरावर राहिला.

श्वास आला तसं त्यानं आरशात बघितलं. पोर पुढच्या सीटवर आपटली असणार.

रूपश्री झोपलेली होती. जागची हलली नव्हती. तिची मान उजवीकडं कललेली, कोणाच्या खांद्यावर टेकावी तशी. तिथं खांदा नव्हता. तिथं काहीच नव्हतं, आणि मान त्या काहीच नसलेल्यावर निवांत टेकलेली, रस्त्याच्या हिसक्यानंसुद्धा न डुलता. शेजारचं रेक्झिन खोल दबलेलं होतं. आणि पोटावरचा हिरवा पदर दोन बाजूंनी चपटा झाला होता, दोन तळव्यांखाली होतो तसा. पसरट, मोठे तळवे. बोटं मोजायला तो थांबला नाही. एकेका हाताला पाचापेक्षा जास्त वाटली.

मागनं हॉर्न वाजायला लागले.

त्याच्या मनात आलं, गाडी बाजूला घ्यावी, दार उघडावं, पोरीला ओढून बाहेर काढावं. हात हँडलपर्यंत गेलाही. मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "रूपा, बरी हायस न्हवं?"

ती डोळे न उघडता म्हणाली, "हं अप्पा. चांगली ऊब हाय. सावकाश चालवा."

नागोजीनं आरसा छताकडं वळवला. त्यानंतर घरापर्यंत त्यानं मागं बघितलं नाही, हॉर्न मारला नाही आणि कोणाला शिवीही दिली नाही. दोन रिक्षावाले आडवे आले. त्यांना वाट दिली.

८

दारात सकवारबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पोटुशी लेक माहेरी आली की तिच्यावरनं ओवाळून तो लांब टाकतात. वाटेत तिच्यासोबत जे काही आलं असेल ते तिथंच बाहेर राहावं, घरात येऊ नये, म्हणून.

नागोजी गाडीतनं उतरला आणि बायकोच्या आडवा उभा राहिला.

"ओवाळू नको," तो म्हणाला.

"अहो, असं कसं, एवढ्या वर्षांनी येतीया."

"ओवाळू नको म्हणतो न्हवं. ठेव ते खाली."

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच सकवारबाईला भीती वाटली. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग गाडीकडं, आणि भाकरतुकडा पदराखाली घेतला.

त्यानं मागचं दार उघडलं. रूपश्री एक हात पोटावर ठेवून, दुसऱ्या हातानं बापाचा खांदा धरून उतरली. वजन कमी झालं तशी गाडी स्प्रिंगांवर थोडी वर आली. लेक पायरी चढली, आईच्या गळ्यात पडली. तीन वर्षांचं रडणं दोघींनी तिथंच काढलं.

नागोजी दार धरून उभा होता.

गाडी आणखी एकदा वर आली. पहिल्यापेक्षा जास्त.

त्यानं खाली बघितलं, कारण वर बघायची हिंमत नव्हती, आणि अंग चोरून एक पाऊल मागं सरकला, वाट द्यायला.

"या," तो म्हणाला.